ऊती : सुताचा ढीग की कापड?

अठरा धड्यांच्या पुस्तकातला सतरावा धडा वर्षाच्या कोणत्या टोकाला शिकवला जातो, हे शिक्षकांना सांगण्याची गरज नाही. परीक्षा तोंडावर असते, तपासायच्या वह्यांचा ढीग पडलेला असतो आणि ‘एवढा घरी वाचून काढा रे’ असे म्हणून धडा संपतो. राज्यात २०१७ साली आलेल्या नववीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ या पाठ्यपुस्तकात ‘जैवतंत्रज्ञानाची ओळख’ हा धडा असा सतरावा आहे. ऊती हा विषय याच धड्यात येतो. त्याचे परीक्षण लिहावे असे वाटायला जे कारण घडले, ते मात्र पुस्तकाबाहेरचे आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील काही विज्ञान शिक्षकांसमोर, प्रयोगशाळेत ऊतींवर काम कसे चालते याविषयी बोलण्याचा प्रसंग आला होता. बोलणे झाले, चहा आला. एक शिक्षक बाजूला येऊन म्हणाले, “मॅडम, आमच्या नववीतल्या एका पोराचा मोठा भाऊ आहे, चोवीस वर्षांचा. खर्रा खातो. तोंड दोन बोटांच्या वर उघडत नाही, आणि गालात आतून पांढरा चट्टा आला आहे. डॉक्टर म्हणतात तुकडा काढून तपासू. घरचे म्हणतात तुकडा काढला की रोग पसरतो. पोरगा मला विचारतो, सर, खरं काय? मी हा धडा इतकी वर्षं शिकवतो, पण धड्यातून त्याला काही सांगता येत नाही.”

त्यांना जे सांगायचे ते मी सांगितले. पण त्यांचे शेवटचे वाक्य डोक्यातून जाईना. परत आल्यावर धडा पुन्हा काळजीपूर्वक वाचला. माझे मत असे झाले, की त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर धड्यात आहे. ते एका वाक्यात आहे; आणि त्या वाक्याचे मोल धड्यालाच ठाऊक नाही.

धड्याच्या जमेच्या बाजू आधी सांगायला हव्यात. प्राण्यांच्या ऊती, वनस्पतींच्या ऊती आणि ऊती संवर्धन हे तीन विषय एकत्र आणण्याची कल्पना चांगली आहे. आमच्या शाळेच्या दिवसांत ऊती म्हणजे नावांची जंत्री होती. त्यांचा कशाला उपयोग होतो हे कोणी सांगत नसे. येथे निदान तसा प्रयत्न आहे. आकृत्या पुष्कळ आहेत. मांडणी मात्र जिने चढल्यासारखी आहे : समान रचना आणि समान काम असलेल्या पेशींचा समूह म्हणजे ऊती, ऊतींचे प्रकार चार, अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता, त्यानंतर वनस्पती, त्यानंतर रोपवाटिका आणि थेट कृषी पर्यटनापर्यंत. पहिल्याच पायरीवर माझी हरकत आहे.

‘समान पेशींचा समूह’ ही व्याख्या चूक नाही, पण अपुरी आहे, आणि नेमके जे महत्त्वाचे तेच तिच्यातून निसटते. यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात हे समजावणे अगदी सोपे आहे. सारख्या जाडीच्या, सारख्या पिळाच्या हजार धाग्यांचा ढीग जमिनीवर टाकला तर तो ‘समान धाग्यांचा समूह’ होईल, पण त्याला कोणी कापड म्हणणार नाही. धागा कोणाच्या वरून आणि कोणाच्या खालून गेला यात कापड असते. गंमत म्हणजे आपल्या परिभाषेतला शब्दच हे सांगतो. ‘ऊत’ म्हणजे संस्कृतात विणलेले. ‘ओतप्रोत’ हा शब्द आपण सहज वापरतो. त्यातही उभ्या-आडव्या धाग्यांची तीच वीण आहे. ज्या फ्रेंच शब्दावरून युरोपात ऊतीला नाव मिळाले त्याचा अर्थही विणलेलेच, आणि ऊतिविज्ञानाच्या नावातील ग्रीक शब्दाचा अर्थ हातमाग किंवा त्यावरचे कापड. शब्द घडवणाऱ्यांच्या मनात वीण होती. व्याख्या लिहिताना तिचे धागे झाले.

शब्दांचा कीस काढते आहे असे कोणी म्हणेल. म्हणून शाळेतलाच एक प्रयोग घेऊ. गालाच्या आतल्या बाजूवरून दातकोरणीच्या बोथट टोकाने हलकेच खरवडायचे, ते काचपट्टीवर पसरायचे, मेथिलीन ब्ल्यूचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकातून पाहायचे. चपट्या, कडा दुमडलेल्या, मध्ये निळा ठिपका असलेल्या पेशी दिसतात. मुलांना हा प्रयोग फार आवडतो, कारण आपणच आपल्याला दिसतो. पण या पट्टीवर ऊती नाही. ज्या पेशी आपले काम संपवून गळण्याच्या बेतात होत्या त्या सुट्या होऊन आल्या आहेत. कोणती पेशी कोणाच्या शेजारी होती, किती थर खाली होती, हे आता कोणालाही सांगता येणार नाही. सुट्या पेशी निरुपयोगी असतात असे नाही. गर्भाशयाच्या मुखाची पॅपनिकोलाऊ चाचणी सुट्या पेशींवरच चालते आणि तिने असंख्य स्त्रियांचे प्राण वाचवले आहेत. पण तीही संशय दाखवते. निदान पक्के करायला तुकडाच लागतो.

तुकड्याचा प्रवास विद्यार्थ्यांना सविस्तर सांगावा असा आहे. गालातून काढलेला तांदळाच्या दाण्याएवढा किंवा थोडा मोठा तुकडा लगेच दहा टक्के फॉर्मलिनमध्ये टाकतात. फॉर्मलिन प्रथिनांना एकमेकांशी जखडून टाकते, त्यामुळे पेशी मरताना जेथे होत्या तेथेच राहतात. बाटलीत फॉर्मलिनऐवजी साधे पाणी किंवा सलाईन घातले आणि बाटली दिवसभर प्रवासात राहिली, तर तुकडा आतून सडू लागतो आणि पुढचे सारे श्रम वाया जातात. नंतर चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून त्यातले पाणी काढायचे, झायलिनने अल्कोहोल काढायचे, आणि साठ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळलेल्या मेणात तो मुरवायचा. मेण थिजले की वडी तयार होते. मायक्रोटोमच्या पात्यावर या वडीचे चार मायक्रोमीटर जाडीचे काप काढतात. म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण पंधरावा-विसावा भाग. काप एकमेकांना चिकटून फितीसारखे निघतात, ते कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलतात. विदर्भाच्या मे महिन्यात वडी मऊ पडते आणि काप चुरगळतात. तंत्रज्ञ ती आधी बर्फावर ठेवतो.

या प्रवासात एक क्षण असा आहे, जेथे सारे निदान एका माणसाच्या चिमट्यावर अवलंबून असते. मेण ओतताना तुकडा कोणत्या कुशीवर ठेवायचा? तो उभा ठेवला तर कापात वरचे अस्तर, त्याखालचे पटल, त्याखालचे तंतू असे थर ओळीने दिसतात. तिरका पडला तर अस्तराची खाली उतरलेली टोके मध्येच कापली जातात आणि तंतूंमध्ये अस्तराच्या पेशींची बेटे असल्यासारखा भास होतो. कर्करोगातही अशीच बेटे दिसतात. पेशी त्याच, रंग तोच, फक्त कापाची दिशा बदलली, आणि निरोगी तुकडा रोगी वाटू शकतो. ‘समान पेशींचा समूह’ या व्याख्येला हा अनुभव कधीच समजावता येणार नाही.

रंगाचे कामही कापडाच्या रंगाऱ्याकडूनच आले आहे. हिमॅटॉक्सिलिन हे मध्य अमेरिकेतील एका झाडाच्या लाकडातून मिळते. युरोपात त्याने कापड रंगवीत. नुसते घेतले तर ते रंग नाहीच. हवेत त्याचे ऑक्सिडीकरण व्हावे लागते आणि सोबतीला तुरटी लागते. तुरटीतील ॲल्युमिनिअम एका हाताने रंग आणि दुसऱ्या हाताने केंद्रकातील डीएनए धरून ठेवते. केंद्रके निळी-जांभळी होतात, इओसिनने बाकीचे गुलाबी होते. एकोणिसाव्या शतकातली ही रंगांची जोडी आजही जगभरच्या निदानाचा पाया आहे. विशिष्ट प्रथिन शोधून तेथे तपकिरी खूण उमटवणाऱ्या प्रतिपिंडांच्या चाचण्या आल्या, जनुकांच्या चाचण्या आल्या. पण त्या कोणत्या करायच्या हे बहुतेक वेळा या निळ्या-गुलाबी पट्टीकडे पाहूनच ठरते.

आता धड्यातले ते वाक्य. अभिस्तर ऊतीच्या पेशी खालच्या पेशींपासून एका तंतुमय पटलाने वेगळ्या झालेल्या असतात, अशा अर्थाचे विधान पुस्तकात आहे. विधान करून धडा पुढे जातो. निदान करणारा डॉक्टर मात्र तेथेच थांबतो. गालाच्या अस्तरातील पेशी बिघडल्या, वेड्यावाकड्या झाल्या, पण पटलाच्या वरच राहिल्या, तर तो कर्करोग नव्हे. धोक्याची पायरी आहे आणि उपचार सोपा असतो. त्याच पेशी पटल फोडून खालच्या तंतूंत उतरल्या की कर्करोग. खाली रक्तवाहिन्या आहेत, लसिकावाहिन्या आहेत, तेथून मानेतल्या गाठींपर्यंत वाट आहे. म्हणजे पेशी कशी दिसते एवढ्यावर भागत नाही, ती कोठे आहे हे पाहावे लागते. खरवडून आलेल्या सुट्या पेशीला ‘तू पटलाच्या वरची की खालची?’ असे विचारता येत नाही. म्हणून तुकडा.

घरच्यांच्या भीतीचे उत्तरही येथेच आहे. रोग पसरायचा तो पटल फुटल्यामुळे पसरतो, आणि ते फुटले की नाही हे कळायला तुकड्याशिवाय दुसरा खात्रीचा मार्ग नाही. तोंडातील संशयित चट्ट्याचा तुकडा काढल्याने रुग्णाचे नुकसान होते, असे दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही. शरीरातील काही मोजक्या गाठींत सुई कोठून घालावी, घालावी की नाही, याचे कडक नियम आहेत हे खरे. गालाचा चट्टा त्यांत बसत नाही. मग समजूत एवढी खोल का? कारण तुकडा बहुधा उशिरा काढला जातो. अहवाल येतो, महिन्याभरात माणूस खंगतो, आणि शेजारीपाजारी क्रम पाहून कारण ठरवतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही; आपणच त्यांना पटलाविषयी कधी सांगितले नाही.

धड्याविषयी माझी दुसरी तक्रार संयोजी ऊतीबद्दल आहे. शाळेच्या पुस्तकांत तिला नेहमीच दुय्यम स्थान मिळते : अवयवांना जोडणारी, आधार देणारी, भरणा करणारी. वाचताना ती पोत्यातल्या भुश्श्यासारखी वाटते. त्या चोवीस वर्षांच्या तरुणाचे तोंड उघडत नाही, ते याच ऊतीमुळे. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा गालात धरून ठेवला की अस्तराखालचे कोलॅजेनचे तंतू वाढत, घट्ट होत जातात. अस्तर पातळ होते, तिखट झोंबू लागते, रक्तवाहिन्या आकसतात, गाल चामड्यासारखा होतो. साधारणपणे आपली तीन बोटे उभी तोंडात जातात. येथे दोन, पुढे एकच. या विकाराला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. येथे पेशी थोड्याच बदलतात. बिघडते ती वीण, नको तेवढी घट्ट विणली जाते.

या विकाराच्या शोधात मराठी आणि मुंबईची नावे आहेत, ती वर्गात सांगावीत. १९५२ साली श्वार्ट्‌झ यांनी नैरोबीतील पाच भारतीय स्त्रियांमध्ये हा विकार वर्णिला. पुढच्याच वर्षी मुंबईचे कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक डॉ. एस. जी. जोशी यांनी टाळू आणि घशाच्या कमानींतील तंतुमयतेचे वर्णन करून त्याला आज रूढ असलेले नाव दिले. त्याआधी १९४४ मध्ये टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉ. वसंत खानोलकर यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार सलग रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला होता. खानोलकरांनी आणि त्यांच्या सहकारी डॉ. सत्यवती सिरसाट यांनी या तंतूंचा पाठपुरावा केला. त्या काळी संशय होता मिरचीवर. १९६० साली त्यांनी निकृष्ट आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या टाळूला मिरचीतील कॅप्सायसिन लावून पाहिले. मिरचीवरचा तो आरोप पुढे टिकला नाही. लोकसंख्येचे अभ्यास झाले तसे बोट सुपारीकडे वळले. केरळात ६६ रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवले गेले, त्यांपैकी ७.६ टक्के जणांना तोंडाचा कर्करोग झाला. हा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुपारी, तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा, माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे. ‘मी तंबाखू नाही खात, नुसती सुपारी चघळतो’ असे अभिमानाने सांगणारे शिक्षकही मला भेटले आहेत.

सुपारी तंतू कसे वाढवते हे शोधताना जे घडले, ते ऊती संवर्धनाच्या प्रत्येक धड्यात असायला हवे. १९८६ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी गालातील तंतुजनक पेशी बशीत वाढवून त्यांना सुपारीतील अरेकोलीनसारखी द्रव्ये दिली. पेशींना चालना मिळाली आणि कोलॅजेन वाढले. उत्तर सापडल्यासारखे वाटले. १९९६ मध्ये तैवानच्या संशोधकांनी हिरडीतील तंतुजनक पेशींना अरेकोलीन दिले. पेशींची वाढ खुंटली आणि कोलॅजेन कमी झाले. द्रव्य तेच, पेशीचे नाव तेच, उत्तर उलटे. मात्रेत आणि पद्धतीत फरक होते हे खरे, पण एक फरक असा की एक पेशी गालाची, दुसरी हिरडीची. पाठ्यपुस्तकाच्या हिशेबाने दोन्ही ‘समान रचनेच्या’ पेशी. जिवंत गालात मात्र सुपारीचा रस आधी अस्तराला लागतो, दाह होतो, दाहातील पेशी संदेश सोडतात, आणि ते संदेश ऐकून खालची तंतुजनक पेशी विणायला लागते. बशीत ती एकटी आहे. एकटीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर घरादारासकट राहणाऱ्या पेशीला लागू पडेलच असे नाही.

धड्यातील ऊती संवर्धन रोपांभोवती फिरते : निर्जंतुक माध्यम, कोंब, मुळे, आणि शेवटी रोपाला बाहेरच्या हवेची सवय. केळीच्या रोपांसाठी हे सारे खरे आहे. पण वाचणाऱ्याची समजूत होते, की कोणत्याही झाडाचा कोणताही तुकडा बाटलीत टाकला की रोप येते. यवतमाळच्या शिक्षकाने या समजुतीसमोर आपल्या शेतातला कापूस ठेवावा. कापसाच्या बहुतेक वाणांची ऊती बाटलीत रोप द्यायला सहजी तयार होत नाही. कोकर नावाच्या अमेरिकी वाणाची ऊती देते. म्हणून बीटीचे जनुक आधी कोकर ३१२ मध्ये घालण्यात आले, आणि तेथून संकर करीत करीत ते भारतीय वाणांत आणले गेले. २००२ साली भारतात मंजूर झालेल्या बीटी कापसामागे ऊतीच्या या हट्टाची गोष्ट आहे, आणि ती आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक बांधाशी येऊन भिडते. रोपवाटिकेच्या चित्रापेक्षा ही गोष्ट मुलांना अधिक लक्षात राहील असे मला वाटते.

प्राण्यांच्या ऊतींचे संवर्धन भारतात रुजवणाऱ्या कमल रणदिवे या पुण्याच्या. १९१७ चा जन्म, वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्राचे प्राध्यापक. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवून त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या, आणि परत येऊन त्यांनी मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊती संवर्धन प्रयोगशाळा उभी केली. गाय यांचे नाव जगाला ठाऊक आहे ते हेला पेशींमुळे. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गर्भाशयमुखातील गाठीचा तुकडा तिची संमती न विचारता घेतला गेला, आणि त्यातील पेशी आजतागायत वाढत आहेत. या गोष्टीतला नैतिक भाग आता बऱ्याच ठिकाणी सांगितला जातो, तो सांगायलाच हवा. दुसरा भाग कमी सांगितला जातो. त्या गाठीचे सुरुवातीचे निदान एका प्रकारच्या कर्करोगाचे होते. वीस वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांनी या पेशी वाढवल्या, वाटल्या, त्यांवर शोधनिबंध लिहिले. १९७१ मध्ये जुनी मूळ पट्टी काढून पुन्हा पाहिली गेली, तेव्हा कळले की प्रकार दुसराच होता; गाठ ग्रंथींच्या पेशींपासून निघालेली होती. अब्जावधी जिवंत पेशी हाताशी होत्या, आणि त्या मूळच्या कोण हे सांगितले ते मेणातल्या एका मृत कापाने.

मेणाच्या वड्या ही म्हणूनच मोठी ठेव आहे. १९१८ च्या साथीत मेलेल्या एका अमेरिकी सैनिकाच्या फुप्फुसाचा तुकडा असाच ठेवलेला होता. जवळजवळ ऐंशी वर्षांनी, १९९७ मध्ये, त्यातून त्या फ्लूच्या विषाणूच्या जनुकांचे तुकडे वाचता आले.

प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंतच्या वाटेविषयी आपल्या वर्तमानपत्रांत जे येते, ते पाठ्यपुस्तकाच्या व्याख्येचेच मोठे रूप आहे. ‘अमुक वनस्पतीच्या अर्काने कर्करोगाच्या पेशी नष्ट’ ही बातमी दर काही महिन्यांनी येते. बशीतल्या पेशी कपडे धुण्याच्या ब्लीचनेही मरतात. मीही या पापातून सुटलेली नाही. हळदीच्या जखमेवरील उपयोगाचे अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, तेव्हाच्या आनंदात वाढलेली आमची पिढी. पुढे कुरकुमीन बशीतल्या पेशींवर काय काय करते याविषयी मी एका मासिकात मोठ्या उत्साहाने लिहिले होते. कुरकुमीन रक्तात फारच थोडे शोषले जाते, शरीराच्या आम्लतेला काही मिनिटांतच विघटते, आणि स्वतः चमकत असल्यामुळे काही चाचण्यांत खोटा होकार देते, यातले काहीच त्या लेखात नव्हते. एका वाचकाने तो लेख कापून आपल्या आजारी वडिलांच्या औषधांच्या डब्यात ठेवला होता, हे मला फार उशिरा कळले. मी काही खोटे लिहिले नव्हते. मी फक्त बशी आणि गाल यांतले अंतर लिहायचे राहून गेले होते.

ते अंतर कमी करण्याचे प्रयत्न मात्र चालू आहेत, आणि त्यांतला विचार धड्याच्या व्याख्येच्या अगदी विरुद्ध दिशेने जाणारा आहे. १९९७ मध्ये मिना बिसेल यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेने स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी तंतुमय गरासारख्या माध्यमात वाढवल्या आणि त्यांना भोवतालच्या तंतूंशी बांधणाऱ्या एका प्रथिनाला आवर घातला. पेशींच्या जनुकांतला बिघाड तसाच राहिला. तरी त्या निरोगी ग्रंथीसारख्या गोल, शिस्तीच्या रचनेत बसल्या. २००९ मध्ये नेदरलँड्समध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने आतड्याच्या एका मूलपेशीपासून आतड्याच्या अस्तराची छोटी प्रतिकृती वाढवली. अशा ऑर्गॅनॉइडवर आता औषधे तपासली जातात. त्यांनाही रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे त्यांच्याकडूनही फार अपेक्षा ठेवू नये. पण वीण परत आणल्याशिवाय उत्तर मिळत नाही, एवढे या क्षेत्राने मान्य केले आहे.

नवी पुस्तके येतील तेव्हा येतील. तोवर धडा शिकवणाऱ्यांना माझी सूचना साधी आहे. व्याख्येत ‘समूह’ या शब्दानंतर पेन्सिलीने ‘आणि त्यांची विशिष्ट मांडणी’ असे लिहावे, आणि पटलाच्या वाक्याखाली रेघ मारावी. गालाच्या पेशींचा प्रयोग झाल्यावर त्याच तासाला गालाच्या ऊतीची कायम पट्टी दाखवावी. शाळेच्या संचात ती बहुधा नसते. यवतमाळला १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि अशा प्रत्येक महाविद्यालयाच्या विकृतिशास्त्र विभागात विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठीच्या पट्ट्या असतात. मुख्याध्यापकांच्या पत्राने तासाभरासाठी वर्ग तेथे न्यावा, किंवा पट्टीचे छायाचित्र मागावे. रुग्णाचे नाव त्यावर नसावे एवढी काळजी घ्यावी. मुलांना अस्तर आणि तंतू यांमधली रेघ बोटाने दाखवायला सांगावी. निरोगी पट्टीत ती सापडते. कर्करोगाच्या पट्टीत ती शोधताना वर्ग आपोआप शांत होतो, असा अनुभव आहे.

आणि हा धडा मार्चची वाट न पाहता दिवाळीच्या आधी घ्यावा. नववीतल्या काही मुलांच्या खिशात तोवर पन्नी आलेली असते.